पेढे वाटून झाले, आता आईचं बीपी बघा!

नऊ महिने सोनोग्राफ्या, टॉनिकं, योगा क्लास, डोहाळजेवणाचं फोटोशूट... आणि डिस्चार्जनंतर? बाळाकडे सगळं घर बघतं. बाळंतिणीकडे कोण बघतं?

हल्लीच्या प्रेग्नन्सीचं टाइमटेबल तुम्हालाही पाठ असेल. तुमची स्वतःची नसली, तरी टीममधलं कुणी ना कुणी त्यातून जात असतंच. ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन आणि डबल मार्कर. १८ ते २० आठवड्यांना अ‍ॅनोमली स्कॅन. २४ आठवडे झाले की ते गोडमिट्ट ग्लुकोजचं पाणी पिऊन शुगर टेस्ट. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला डॉक्टरांकडे चक्कर. नवरा हाफ डे टाकून सोबत येतो, सासूबाई फोनवर रिपोर्ट विचारतात आणि कॅन्टीनमध्ये पपईच्या फोडी दिसल्या की ऑफिसातल्या मैत्रिणी डोळे वटारतात.

मग डिलिव्हरी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाताना बाळाच्या नावाची नवी कोरी फाइल हातात पडते. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी झालेलं, पुढच्या तारखा लिहिलेल्या, वजनाचा आलेख छापलेला. आईच्या फाइलवर मात्र बऱ्याचदा एकच ओळ असते. फॉलो-अप, सहा आठवड्यांनी.

आणि मधले ते सहा आठवडे?

आशाताई सहा वेळा येतात

गेल्या वर्षी एका कामानिमित्त जुन्नर तालुक्यात गेले होते. दोन दिवस एका आशाताईंच्या मागे मागे फिरले. पहिल्याच घरात चौदा दिवसांची बाळंतीण होती. ताईंनी हात धुतले, बाळाला झोळीच्या काट्यावर तोललं, काखेत थर्मामीटर लावला. इथवर मला अपेक्षित होतं. मग त्या आईकडे वळल्या. अंगावरून किती जातंय? वास येतो का? ताप? डोकं दुखतं का? लघवीला जळजळ? छातीत गाठ? गोळ्या चालू आहेत का? उत्तरं फॉर्मवर टिपली, चहा घेतला आणि आम्ही पुढच्या घरी.

सरकारच्या नियमाप्रमाणे दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशा घरी सहा वेळा जाते : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल, तर पहिल्या दिवशी आणखी एक भेट. कार्यक्रमाचं नाव नवजात बाळाच्या काळजीचं आहे, पण आईची विचारपूसही त्यातच येते. सगळीकडे ती तितक्याच नेटाने होते असा माझा दावा नाही. पण निदान कागदावर त्या बाईच्या दारावर सहा वेळा थाप पडायची सोय आहे. शहरातल्या वस्त्यांमध्येही आशा आहेत. आपल्या गेटेड सोसायटीत मात्र वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्यांची एंट्री कधी दिसायची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जे सांगितलं, तेही फार वेगळं नाही. डिलिव्हरीनंतर किमान २४ तास दवाखान्यात, आणि पुढच्या सहा आठवड्यांत किमान तीन भेटी : ४८ ते ७२ तासांत एक, ७ ते १४ दिवसांत दुसरी आणि सहाव्या आठवड्यात तिसरी. आपल्याकडे पहिल्या दोन गळतात आणि तिसरीला बाई बाळाच्या लसीबरोबर ‘जाता जाता’ जाते.

मुळात ही घरी जायची पद्धत आपल्या गडचिरोलीत घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर गेला. त्याच गावांतल्या ७७२ बायकांच्या बाळंतपणाचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीच्या वेळी काही ना काही त्रास झालेल्या बायका होत्या सुमारे १८ टक्के. आणि नंतरच्या २८ दिवसांत? सुमारे ४३ टक्के! ती घरी होणारी बाळंतपणं होती. आजच्या बाणेर-ठाण्याशी थेट तुलना होणार नाही, मान्य. पण आपण सगळे टेन्शन घेतो ते लेबर रूमचं, आणि बाई जास्त आजारी पडली ती घरच्या खाटेवर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

‘जागरणामुळे होतं गं तसं’

माझी एक मैत्रीण वाकडला राहते. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये टीम लीड, टू बीएचके, सगळं व्यवस्थित. नऊ महिने बीपी एकदाही वर गेलं नाही. नॉर्मल डिलिव्हरी, गोंडस मुलगी. सहाव्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. सगळ्यांचं एकच निदान, जागरण. दवाखान्यात फोन केला तर तिथूनही झोप काढा, पाणी प्या एवढंच सांगण्यात आलं. संध्याकाळी मालिशवाल्या मावशी आल्या आणि तिचा चेहरा बघून म्हणाल्या, ही सूज बाळंतपणाची नाही. सासऱ्यांचं बीपीचं मशीन कपाटात होतं. लावलं तर १६४/११०. तासाभरात ती दुसऱ्या एका हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होती, हाताला मॅग्नेशियम सल्फेट लावलेलं. ते झटके येऊ नयेत म्हणून देतात.

बीपी डिलिव्हरीबरोबर उतरतंच असं नाही. उलट तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आसपास ते सर्वांत जास्त चढतं. म्हणजे नेमकं घरी आल्यावर, पाहुण्यांच्या गर्दीत! आधी कधीच बीपी नव्हतं अशांनाही हे होऊ शकतं. १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि १६०/११० म्हणजे तडक हॉस्पिटल. डोकं न थांबता दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, छातीत दुखणं, धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, १००.४ च्या वर ताप. यातलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. रिक्षा मिळत नसेल तर १०८.

महाराष्ट्राने या बाबतीत मोठी मजल मारली आहे, हेही सांगायला हवं. २००४-०६ मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ झाला. केरळचा १९ आणि देशाचा ९७ होता. राज्यात ९४ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात, असं २०१९-२१ च्या पाहणीत दिसलं. त्याचंच हे फळ. पण माझी मैत्रीण यातल्या कुठल्याच आकड्यात नाही. वाचली ना ती!

डिंकाचा लाडू हवाच, पण...

गंमत बघा, सूज ओळखली ती मालिशवाल्या मावशींनी. सव्वा महिना बाईला उठू न देणं, माहेरी नेणं, तेल लावून न्हाऊ घालणं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा... आपली आजी जे करायची ते म्हणजे रोज कुणीतरी जाणतं माणूस त्या बाईकडे नीट बघायचं, हेच नव्हतं का? माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातलं खरं औषध ते होतं. आज माहेर नाशिकला, आई नोकरीत, आणि मावशी मिळाल्या तर महिन्याचे दर ऐकून घाम फुटतो.

म्हणून सगळंच जुनं डोक्यावर घ्यायचं, असंही नाही. बंद खोलीत धुमसती शेगडी ठेवून शेक देणं धोक्याचं आहे, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पाणी कमी द्यायचं, भाज्या बंद, हे तर दूध पाजणाऱ्या बाईला उलटंच. सिझरच्या टाक्यांवर तेल चोळू नये. आणि सिझर आता काही विरळा नाही. त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांतली ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाल्याचं दिसलं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला आपण पाचव्या दिवशी पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठवतो, हे मला अजून समजलेलं नाही.

लोहाच्या गोळ्यांचंही तेच. गरोदरपणी १८० दिवस घ्यायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या, हे सांगितलं की समोरची हमखास ‘हो का?’ म्हणते. (चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.) गरोदरपणी शुगर निघाली असेल, तर सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज टेस्ट करायची असते. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त. पण बारशाची साडी ठरवण्याच्या नादात ती टेस्ट आठवतेय कुणाला?

सगळं छान आहे, तरी रडू येतं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाचच डोळे भरून येणं हे पुष्कळ जणींचं होतं, आणि दोनेक आठवड्यांत निवळतं. त्याहून जास्त टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेना, मरणाचे विचार यायला लागले, तर तो ‘मूड’ नव्हे, आजार आहे. आणि उपचारांनी बरा होतो.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये डिप्रेशन आढळलं. त्यातल्या बहुतेक जणी गरोदरपणीच मानसिक त्रासात होत्या, पण तेव्हा सगळे बाळाचे ठोके ऐकत होते. २०१७ मध्ये भारतातले असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही आकडा आला २२ टक्के. म्हणजे पाचातली एक! तुमच्या फ्लोअरवरच्या पाच आया डोळ्यांपुढे आणा. एडिंबरा स्केल नावाची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून जगभर वापरात आहे. पाच मिनिटांत होते. डॉक्टरांनी विचारली नाही तर आपण मागावी. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलतात.

एचआरला काय विचाराल?

२०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच ठेवली आहे. आधीच दोन मुलं असतील तर १२ आठवडे. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीआधी घेता येतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे. परत आल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर. ते कुठे आहे, हा प्रश्न एचआरला मेलवर विचारून बघा! एका चकचकीत ऑफिसात सर्व्हर रूमच्या शेजारी स्टूल टाकून दूध काढणारी मुलगी मी पाहिली आहे. (आम्हा फ्रीलान्सरांना यातलं काहीच नाही, पण तो वेगळा लेख.)

रजा वाचवायची म्हणून कळा येईपर्यंत लॅपटॉप मांडीवर, हा आपल्याकडचा नवा पराक्रम. त्यापेक्षा रजेचे पहिले पंधरा दिवस कोण घरात असेल, हे सातव्या महिन्यात ठरवलेलं बरं. आणि इथे नवरेमंडळींचा विषय येतोच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा असते. खासगी नोकरीत तसा कायदाच नाही, सगळं कंपनीच्या मर्जीवर.

वाकडच्या त्या नवऱ्याला पाच दिवस मिळाले होते. बायको अ‍ॅडमिट झाली तेव्हा ते संपत आलेले. मग त्याने बॉसशी भांडून दोन आठवडे वर्क फ्रॉम होम मिळवलं आणि चक्क एक एक्सेल शीट बनवली. सकाळ-संध्याकाळ बीपी, गोळीची वेळ, ताप, झोप किती तास. रोज रात्री नऊला ती शीट डॉक्टरांना जायची. पहिल्या आठवड्यात लाल रंगाचे चौकोन होते, मग पिवळे. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी बीपीची गोळी बंद केली. शीट त्याने अजून डिलीट केलेली नाही. सासऱ्यांचं मशीनही त्यांच्याच बेडरूममध्ये आहे, सासऱ्यांनी स्वतःसाठी दुसरं आणलं.