‘सर्वोत्तम वेळ’ नेमकी कोणती? हौशी धावपटूंच्या आकड्यांमागील हिशेब

जबलपूर : हिवाळ्यातील पहाटे जबलपूरच्या छावणी भागातून आणि डुमना विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून धावणाऱ्यांत साधारण दोन प्रकारची माणसे दिसतात. सैन्यभरतीची तयारी करणारे अठरा-वीस वर्षांचे तरुण, आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून हौसेने धावणारी चाळिशी-पन्नाशीतील मंडळी. धाव संपताच दोघांचीही नजर प्रथम मनगटावरील घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे जाते. आजवरच्या वेळेपेक्षा कमी वेळ लागलेला दिसला की चेहरा उजळतो. हौशी धावपटूंच्या बोलीत या आकड्याला ‘पीबी’ म्हणतात, म्हणजे पर्सनल बेस्ट, वैयक्तिक सर्वोत्तम वेळ. तरुणाच्या बाबतीत त्यावर नोकरी अवलंबून असते; प्रौढाच्या बाबतीत बहुधा केवळ समाधान. मात्र हा आकडा खरा कधी मानायचा, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

व्याख्या वरवर सोपी आहे. ठरावीक अंतर एखाद्या व्यक्तीने आजवर ज्या सर्वांत कमी वेळात पार केले, ती तिची सर्वोत्तम वेळ. अडचण सुरू होते ती ‘ठरावीक अंतर’ या दोन शब्दांपासूनच. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉनचे त्याच्या निम्मे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. परंतु आपल्याकडे पाच किलोमीटरच्या धावेलाही फलकांवर सर्रास ‘मॅरेथॉन’ म्हटले जाते, आणि मार्ग अनेकदा दुचाकीच्या किलोमीटर-मापकावरून किंवा मोबाइलमधील नकाशावरून आखलेला असतो. अशा मार्गावरची ‘दहा किलोमीटरची’ वेळ ही प्रत्यक्षात साडेनऊ किलोमीटरचीही असू शकते.

अधिकृत मोजणीची पद्धत याहून किती तरी काटेकोर आहे आणि तिचे मुख्य साधन आजही साधी सायकल आहे. अमेरिकी धावपटू टेड कॉर्बिट यांनी १९६० च्या दशकात या पद्धतीचा पाठपुरावा केला. सायकलच्या पुढच्या चाकाला ‘जोन्स काउंटर’ नावाचा छोटा गणक जोडतात. प्रथम पोलादी फितीने मोजलेल्या काहीशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर सायकल अनेकदा चालवून एका किलोमीटरला गणकाचे किती आकडे पडतात, ते ठरवले जाते. मग संपूर्ण मार्ग सायकलने मोजला जातो, आणि शेवटी पुन्हा त्याच पट्ट्यावर पडताळणी होते. कारण ऊन वाढले की टायरमधील हवा प्रसरण पावते, चाकाचा घेर बदलतो आणि हिशेब चुकतो. मोजणी धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून केली जाते. एवढे करूनही मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरतात. म्हणजे प्रमाणित मॅरेथॉनचा मार्ग कागदावर सुमारे ४२ मीटर जास्तच आखलेला असतो.

ही काळजी अनाठायी नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर मॅरेथॉनचा मार्ग २०१३, २०१४ आणि २०१५ अशी सलग तीन वर्षे ३८० मीटर कमी भरला होता, हे २०१६ मध्ये उघड झाले. सुमारे २४ हजार धावपटूंच्या वेळा त्यामुळे बाद ठरल्या. ३८० मीटर हे ऐकायला किरकोळ वाटते. पण चार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याच्या गतीने त्याला जवळपास दोन मिनिटे दहा सेकंद लागतात. ज्यांनी ३ तास ५८ किंवा ५९ मिनिटांची वेळ नोंदवून ‘चार तासांच्या आत’ आल्याचा आनंद साजरा केला होता, त्यांना तो टप्पा प्रत्यक्षात गाठलाच नसल्याचे वर्षा-दोन वर्षांनी कळले. दोष त्यांचा नव्हता, तरी आकडा मात्र गेला.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठी-कन्नड सीमाभागातील आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले. दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेल्या त्या भारतीय पथकातून त्यांनी १९ वा क्रमांक मिळवला. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे पक्के झाले १९२१ मध्ये, आणि अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटर होता. म्हणजे चौगुले आजच्या धावपटूपेक्षा ५५५ मीटर अधिक धावले. त्यांच्या सरासरी गतीने हिशेब केला तर आजच्या अंतराला २ तास ४८ मिनिटांच्या आसपास वेळ लागली असती. पण हा हिशेब हिशेबच राहतो. नोंद होते ती प्रत्यक्ष धावलेल्या अंतराची. गुणाकार-भागाकाराने काढलेली वेळ कोणाच्याही नावावर लागत नाही.

मनगटावरील घड्याळाचे काय? उपग्रहांच्या संकेतांवरून ते ठरावीक क्षणांनी धावपटूचे स्थान टिपते आणि त्या बिंदूंना जोडत अंतर काढते. झाडांची दाटी, उंच इमारती, टेकड्यांच्या कडेची वळणे यांत बिंदू इकडेतिकडे सरकतात. प्रमाणित शर्यतीत तर घड्याळ बहुधा जास्तच अंतर दाखवते, कारण गर्दीत कोणालाही सर्वांत जवळची वाट धरता येत नाही. मग घड्याळात २१.१ किलोमीटर पूर्ण होतात तेव्हा अंतिम रेषा अजून दोन-तीनशे मीटर पुढे असते. काही जण त्या क्षणाची वेळ आपली सर्वोत्तम वेळ म्हणून सांगतात. शर्यत मात्र घड्याळाशी नसते, रेषेशी असते, आणि मान्य वेळ रेषा ओलांडल्याचीच.

वेळेच्या मोजणीतही असेच फाटे आहेत. मोठ्या शर्यतीत हजारो लोक उभे असतात आणि मागच्यांना प्रारंभरेषेपर्यंत पोहोचायलाच काही मिनिटे लागतात. इशाऱ्याच्या क्षणापासून मोजलेली ती ‘गन टाइम’. क्रमांकपट्टीवरील चिपने प्रारंभरेषा ओलांडल्यापासून मोजलेली ती ‘नेट टाइम’. विक्रम आणि क्रमांक पहिल्या वेळेवर ठरतात. हौशी धावपटू मात्र दुसरी वेळ आपली मानतात आणि त्यात वावगे काही नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या पात्रतेसाठीही हीच वेळ धरली जाते. वाद आहे तो तिसऱ्या प्रकाराबद्दल. अनेक ॲप थांबलेला वेळ आपोआप वगळून केवळ ‘चालू वेळ’ दाखवतात. ग्वारीघाटावर पाच मिनिटे थांबून पाणी प्यायचे, दम खायचा आणि ती पाच मिनिटे हिशेबातून वगळायची, ही सोय सरावाच्या नोंदीला ठीक आहे. तिला सर्वोत्तम वेळ म्हणता येत नाही. विश्रांतीचे तुकडे वगळून मोजलेली धाव ही सलग धाव नव्हे.

त्यानंतर येतो रस्त्याचा चढ-उतार. समजा, जबलपूर शहरातून निघून भेडाघाटला धुवांधार धबधब्याजवळ संपणारी एकमार्गी अर्धमॅरेथॉन कोणी आखली. देखावा अप्रतिम मिळेल, पण विक्रमाच्या दृष्टीने मार्ग बाद ठरेल. नियम असा की सुरुवात आणि शेवट यांतील सरळ रेषेतील अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे; इथे ते साडेदहा किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे जाते. एकाच दिशेने धावताना पाठीवरचा वारा सतत मदत करू शकतो, हे या नियमामागचे कारण. दुसरी अट एकूण उताराची : दर किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त उतार नको, म्हणजे अर्धमॅरेथॉनला सुमारे २१ मीटर. शहराकडून नर्मदेच्या पात्राकडे जाताना हे गणित अवघडच आहे. याच दोन अटींमुळे केनियाच्या जेफ्री मुताई यांनी २०११ मध्ये बोस्टनला नोंदवलेली २ तास ३ मिनिटे २ सेकंदांची वेळ, तोवरची जगातील सर्वांत वेगवान असूनही, विश्वविक्रम ठरली नाही. बोस्टनच्या मार्गाला सुमारे १४० मीटर उतार आहे.

मग बोस्टनला, किंवा अशाच उताराच्या मार्गावर धावलेल्या हौशी धावपटूची वेळ खोटी का? तसे कोणी म्हणत नाही. तो अंतर पूर्ण धावला आहे, घड्याळ खरे आहे. सांगताना मार्गाचे नाव जोडले की पुरते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावणारे हे नकळत करतातच. यवतेश्वरचा घाट चढून उतरण्याच्या त्या शर्यतीची वेळ सपाट रस्त्यावरील वेळेशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो, म्हणून ‘साताऱ्याची वेळ’ आणि ‘मुंबईची वेळ’ असे दोन वेगळे आकडे बोलण्यात येतात. मात्र पात्रतेचा प्रश्न आला की दुसरा पक्ष आपला नियम लावतो. बोस्टननेच २०२७ च्या शर्यतीपासून, एकूण उतार १,५०० फूट म्हणजे सुमारे ४५७ मीटर किंवा अधिक असलेल्या मार्गांवरच्या वेळांत पाच मिनिटे, ३,००० फुटांपुढे दहा मिनिटे मिळवण्याचे, आणि ६,००० फुटांपासून पुढील मार्ग अमान्य करण्याचे ठरवले आहे.

सर्वांत बोलके उदाहरण इलियुड किपचोगे यांचे. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात ते ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावले. अंतर चोख, वेळ चोख. पण ती खुली शर्यत नव्हती, आळीपाळीने बदलणारे वेगरक्षक त्यांच्याभोवती धावत होते. त्यामुळे अधिकृत नोंदीत किपचोगे यांची वैयक्तिक सर्वोत्तम वेळ आहे २ तास १ मिनिट ९ सेकंद, बर्लिन, २०२२. जगाने डोळ्यांनी पाहिलेली धावदेखील ज्या खात्यात जमा होत नाही, त्या खात्याचे नियम किती वेगळे आहेत ते यावरून दिसते.

हौशी धावपटूला अर्थात असा कोणी पंच नसतो. जबलपूरला जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी चाळिशी ओलांडतो. त्यामुळे वर्षातील चांगल्या वेळा थंडीतच निघतात आणि उन्हाळ्यात त्या मागे पडल्या म्हणून खचण्याचे कारण नाही. वयाचेही तसेच. पस्तिशीनंतर पाच-पाच वर्षांचे वयोगट मानण्याची पद्धत जगभर आहे, आणि वयानुसार वेळेचे मूल्य टक्क्यांत सांगणारे तक्तेही उपलब्ध आहेत. साठीतल्या धावपटूने आयुष्यातील सर्वोत्तम वेळेसोबत ‘साठीनंतरची सर्वोत्तम’ अशी दुसरी नोंद ठेवली, तर ती पळवाट नव्हे. पस्तिशीतल्या स्वतःशी रोज शर्यत लावून हरत राहण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

भरतीच्या तयारीतील तरुणाला मात्र अशी मोकळीक नाही. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धाव ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केल्यास ६० गुण मिळतात, त्यापुढील १५ सेकंदांच्या टप्प्याला ४८. मोबाइलने अंतरात केवळ एक टक्का चूक केली, तरी १६ मीटरचा, म्हणजे तीन सेकंदांहून अधिक फरक पडतो. चारशे मीटरच्या धावमार्गावर चार फेऱ्या मारताना पहिल्याऐवजी दुसऱ्या पट्टीतून धावल्यास दर फेरीला सात मीटर, एकूण सुमारे २८ मीटर अंतर वाढते आणि सहा सेकंद जातात. म्हणून सराव मोजलेल्या धावमार्गावर, आतल्या पट्टीतून आणि दुसऱ्याच्या हातातील स्टॉपवॉचवर अधूनमधून तपासून घेणे आवश्यक ठरते. मोबाइलवर दिसलेली ५ मिनिटे २८ सेकंदांची वेळ मैदानावर ५ मिनिटे ३१ सेकंद निघाली, तर ६० च्या जागी ४८ गुणच हाती येतात.