दोन वर्षांची जीभ आणि पाळणाघराचा डबा

नऊ-दहा महिन्यांचं बाळ काय काय खातं! लाल भोपळा, कुस्करलेली भेंडी, पालक घातलेलं वरण, आणि नजर चुकवून जमिनीवरून उचललेलं काहीही. चमचा पुढे आला की तोंड उघडलंच. तेच मूल दीड-पावणेदोन वर्षांचं होतं आणि एक दिवस भेंडी बघून तोंड फिरवतं. मग भोपळा जातो, पालक जातो, वरणातली कोथिंबीरसुद्धा चिमटीत धरून बाहेर काढली जाते. पाळणाघरातून डबा परत येतो तो भाजीचा कप्पा जसाच्या तसा घेऊन. पोळीचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला. काय बिघडलं असेल?

काहीच बिघडलेलं नाही. फक्त ही वेळ बघा. बरोबर याच सुमाराला मूल चालायला लागलेलं असतं. आईच्या कडेवर होतं तोवर त्याच्या तोंडात काय जाईल ते मोठी माणसं ठरवत होती. आता त्याला पाय फुटले. झुडपापर्यंत ते एकटं जाऊ शकतं, पान तोडू शकतं, रंगीत फळ तोंडात टाकू शकतं. आणि वनस्पती म्हणजे काही सरळ मामला नाही. पळून जाता येत नसल्यामुळे त्यांनी स्वतःच्या बचावासाठी नाना तऱ्हेची विषं तयार करून ठेवली आहेत. माणूस रानात राहत होता तेव्हा चालू लागलेलं मूल जगवायचं तर त्याच्या तोंडाशी एक रखवालदार उभा करणं भाग होतं: ओळखीचं असेल तर आत, अनोळखी असेल तर बाहेर. दोन वर्षांच्या आसपास हा रखवालदार कामावर रुजू होतो आणि पाच-सहा वर्षांपर्यंत पहारा देतो, असं या विषयाचे अभ्यासक मानतात. तुमच्या डब्यातली भेंडी त्यानंच अडवलेली असते.

वनस्पतींबद्दलची ही सावधगिरी किती लवकर सुरू होते? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ॲनी वर्ट्झ आणि कॅरन विन या संशोधकांनी आठ ते अठरा महिन्यांच्या बाळांपुढे वेगवेगळ्या वस्तू ठेवल्या. काही झाडं, काही माणसानं बनवलेल्या वस्तू. हाताला लागेल ते ओढणारी ही बाळं झाडाला हात लावताना मात्र थबकली, इतर वस्तूंपेक्षा जास्त वेळ घेऊ लागली. काटा टोचलेला नाही, कुणी ओरडलेलं नाही, तरी थबकली! आणि याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. २०१४ मध्ये त्यांनी असंही दाखवलं, की मोठ्या माणसानं झाडावरचं फळ तोंडात घातलेलं पाहिलं तर दीड वर्षांची मुलं ते फळ खाण्याजोगं मानतात. हीच कृती एखाद्या बनवलेल्या वस्तूवरच्या फळाबाबत केली, तर त्यांच्यावर तितका परिणाम होत नाही. म्हणजे रखवालदाराला नुसतं अडवणं येत नाही. कुणाच्या सांगण्यावरून आत सोडायचं, तेही त्याला ठाऊक असतं. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

प्रत्येक घरी हा पहारा सारखाच कडक नसतो. एक भावंड कारलंही खातं, दुसरं दहीभाताशिवाय हलत नाही; स्वयंपाक करणारे हात मात्र तेच. लंडनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये आठ ते अकरा वर्षांच्या हजारो जुळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा नवं अन्न टाळण्याच्या वृत्तीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिक निघाला. तुम्हीच लाडावून ठेवलंय, असं म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना हा आकडा अवश्य सांगावा.

शिवाय जीभही निराळी असते. गोड ओळखायला माणसाकडे मुख्यतः एकच प्रकारचा ग्राहक, म्हणजे चव टिपणारी यंत्रणा, आहे. आणि कडू ओळखायला? सुमारे पंचवीस! निसर्गानं कडवटपणाची केवढी धास्ती घेतली आहे बघा. यातल्या एका ग्राहकाची गोष्ट सुरू होते १९३१ च्या सुमारास, आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. एका पदार्थाची पूड हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी तोंड कडू झाल्याची तक्रार करू लागला. फॉक्सना काहीच जाणवेना. त्यांनी पूड जिभेवर ठेवून पाहिली, तरी काही नाही. एकाच पदार्थाच्या बाबतीत दोन माणसं दोन वेगळ्या जगांत राहत होती! हा फरक ग्राहकाच्या कोणत्या जनुकामुळे पडतो, हे २००३ मध्ये कळलं. कोबी, मुळा, मोहरी यांच्या कुळातल्या भाज्यांची कडसर चव ओळखण्यात हाच ग्राहक पुढे असतो. आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्युली मेनेला यांनी दाखवलं, की या जनुकाचं एक विशिष्ट मिश्र रूप असलेलं मूल तेच रूप असलेल्या मोठ्या माणसापेक्षा कडू चव अधिक तीव्रतेनं अनुभवतं. कोबी कडू लागतो असं मूल म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला तो खरोखरच आपल्यापेक्षा जास्त कडू लागत असू शकतो.

मग रखवालदाराच्या वहीत ओळखीच्या चवींची नोंद पडते तरी केव्हापासून? जन्माआधीपासून! गर्भ भोवतालचं पाणी सतत गिळत असतो आणि आईनं खाल्लेल्याचा गंध त्या पाण्यात उतरतो. मेनेला आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गरोदर स्त्रियांना लसणाच्या कॅप्सूल देऊन हे तपासलं. गर्भजलाचा वास घेणाऱ्यांना लसूण ओळखता आला. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठानं त्याहून पुढची मजल मारली. आईनं गाजराची कॅप्सूल घेतली तर पोटातल्या बाळाच्या चेहऱ्यावर हसल्यासारख्या हालचाली सोनोग्राफीत जास्त दिसल्या, आणि केल या कडसर पालेभाजीची घेतली तर रडवेल्या. म्हणूनच लसणाची फोडणी दिलेल्या वरणाशी आपल्याकडच्या बाळांची ओळख पहिल्या घासाच्या कितीतरी आधीची असते. डब्यासाठी यातून एक छान युक्ती मिळते: नवी भाजी नव्या वासात देऊ नका. दुधी पहिल्यांदा द्यायचा तर रोजच्या जिरं-लसणाच्या फोडणीत द्या.

पण मूल खातच नाही त्याचं काय? इथे आधी एक हिशेब पाहू. तीन किलोचं बाळ पहिल्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोचं होतं, तिप्पट! पुढच्या अख्ख्या वर्षात ते वाढतं दोन-अडीच किलोच. वाढीचा वेग इतका मंदावला तर भूक पूर्वीसारखी कशी राहील? लीॲन बर्च या अमेरिकी संशोधिकेनं आयुष्यभर लहान मुलांच्या खाण्याचा अभ्यास केला. १९९१ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं चोवीस तासांचं खाणं मोजून काढलं, तेही सहा वेगवेगळ्या दिवशी. एकेका जेवणातली ऊर्जा तिसऱ्या हिश्शानं वरखाली होत होती. दिवसाची बेरीज मात्र जेमतेम दहा टक्क्यांनी हलत होती! दुपारी डबा टाकणारं मूल संध्याकाळी गुपचूप भरपाई करत होतं. हा हिशेब कोण ठेवतं? ज्याला अजून धड दहापर्यंत मोजता येत नाही, तेच मूल.

तेव्हा डब्याकडे भरतीचं भांडं म्हणून बघू नये. लहान डबा, थोडं थोडं, पण जे असेल ते कसदार. आणि आपल्या स्वयंपाकघरात कसदार गोष्टींची रेलचेल आहे. नाचणी घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तिचं घावन मऊ होतं, लहान बोटांत धरता येतं. इडलीचं पीठ रात्रभर आंबतं तेव्हा आत काय चाललेलं असतं? धान्यात आणि डाळीत फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त घट्ट धरून बसलेलं असतं. आंबताना ते बरंचसं मोडतं आणि ही खनिजं मोकळी होतात. सकाळची इडली आदल्या रात्रीच्या पिठापेक्षा खरोखरच जास्त पोषक असते. आणि पोह्यांवर पिळलेलं लिंबू! आपण ते चवीसाठी पिळतो. पण धान्य-डाळींतलं लोह ज्या रूपात असतं ते आतड्याला सहजी शोषता येत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला शोषता येईल अशा रूपात आणतं आणि विरघळलेलं ठेवतं. दोन-चार थेंबांचं केवढं हे काम! चहा याच्या नेमका उलट वागतो, म्हणून घोटभर चहाचाही लाड नको.

दातांचा विचारही डबा भरतानाच करायचा. पहिल्या दाढा साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांत येतात, दुसऱ्या त्यानंतर, तेवीस ते तेहतीस महिन्यांच्या दरम्यान. तोवर पुढचे दात तुकडा तोडतात, पण भरडायला जातंच अपुरं. म्हणून अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराची चकती श्वासनलिकेत अडकू शकते. चार वर्षांचं होईपर्यंत तरी या गोष्टी अख्ख्या देऊ नयेत. द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत, गाजर वाफवावं. आणि शेंगदाण्यावरचा उपाय आपल्याकडे डब्यात भरून तयारच असतो: कूट. काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भाजीत, कशातही मिसळा.

भाताबाबत एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. भातात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, जे शिजवतानाही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि असं विष बनवतात, जे पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात लहान मुलाच्या डब्यात घालू नये. सकाळी ताजा करावा, किंवा रात्रीच लगेच फ्रिजमध्ये गेलेला भात वाफ येईपर्यंत गरम करून द्यावा.

आता पुन्हा रखवालदाराकडे. त्याला वळवायचं कसं? बर्चनं दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळं चाखायला दिली, काही दोनदा, काही दहादा, काही वीसदा. जी जितक्या जास्त वेळा चाखली, ती तितकी आवडती झाली. फक्त ओळख वाढली म्हणून! १९८७ च्या तिच्या आणखी एका प्रयोगात काही फळं मुलांना नुसती दाखवली, काही चाखायला दिली. दाखवलेली फळं डोळ्यांना आवडू लागली, जिभेला नाही. जिभेची ओळख जिभेनंच व्हावी लागते. म्हणून डब्यात ओळखीच्या घावनाशेजारी वाटाण्याएवढा दुधी ठेवायचा. चाटून टाकून दिला तरी नोंद झाली.

आणि जबरदस्ती? अमेरिकेतच मुलांना सूप देऊन एका गटाला मध्येमध्ये संपवायची आठवण करून दिली गेली. ज्यांना कुणी काही म्हणालं नाही, ती मुलं जास्त सूप प्यायली.

माझ्या मते सगळ्यात मोठं नवल पाळणाघरातच घडतं. घरी मटाराला हात न लावणारं मूल तिथे मटार खातं, हे ऐकून पुष्कळ आयांना धक्का बसतो. बर्चनं १९८० मध्ये याचाच प्रयोग केला होता. एक भाजी आवडणाऱ्या मुलाला तिनं दुसरीच भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांबरोबर जेवायला बसवलं. पहिल्या दिवशी त्यानं आपलीच भाजी घेतली. चौथ्या दिवसापर्यंत अशी मुलं बहुधा इतरांची भाजी उचलू लागली होती! मोठ्यांपैकी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. लहान वयाच्या मुलांवर हा परिणाम जास्त झाला, आणि नंतर पुन्हा तपासलं तेव्हाही ती आवड टिकून होती. झाडावरचं फळ दुसऱ्यानं तोंडात घातलेलं बघून निर्धास्त होणारं दीड वर्षांचं मूल आठवलं? रखवालदार इथेही तसाच वळतो. म्हणून उद्या डबा देताना पाळणाघराच्या ताईंना फक्त एक विचारा: भेंडी आवडीनं खाणारं मूल कोणतं? आणि आपल्या मुलाला जेवायला त्याच्या शेजारी बसवायला सांगा, निदान चार दिवस तरी.