तळे बुजवले, ताप आला

गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीतला एक हातगाडीवाला सकाळीच दवाखान्यात आला. तापाचा चौथा दिवस, डोळे लाल आणि तक्रार एकच. "डॉक्टर, पोटऱ्या इतक्या ठणकतात की संडासला बसवत नाही." मेडिकलमधून आणलेल्या तापाच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. मी विचारले, "आठ-दहा दिवसांपूर्वी साचलेल्या पाण्यातून चालला होतात का?" तो म्हणाला, "चाललो म्हणजे? दोन दिवस गाडीच गुडघाभर पाण्यात होती." टाचांना भेगा होत्या. लघवी कमी झाली होती. त्याच दुपारी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले. निदान लेप्टोस्पायरोसिसचे झाले. सुदैवाने मूत्रपिंडे सावरली आणि तो घरी परतला.

वाचकहो, या रोगाचे जंतू उंदीर, घुशी, कुत्री व गुरे यांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरतात. कातडीवरच्या जखमेतून, भेगेतून, डोळ्यांतून किंवा तोंडातून ते शरीरात शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर रुग्ण पाण्याची गोष्ट विसरून गेलेला असतो, म्हणून डॉक्टरला ती आपणहून सांगावी. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली, तर घरी थांबू नये.

पण मला आज सांगायचे आहे ते दुसरेच. खालच्या आळीत पूर्वी पाणी साचत नसे. तिथे एकरभराचे तळे होते. सुमारे वीस वर्षांपूर्वी डासांचा त्रास होतो म्हणून ते बुजवावे, असा अर्ज रहिवाशांनी नगरपालिकेला दिला. त्या अर्जावर वैद्यकीय मत म्हणून सही कोणाची होती? माझी.

माझी चूक दुहेरी होती. डासांचे आधी सांगतो. डेंग्यूचा डास घरातल्या पिंपात, टायरमध्ये, कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ताटलीत वाढतो. हत्तीरोगाचा डास तुंबलेल्या गटारात आणि झाकण नसलेल्या सेप्टिक टँकमध्ये. शहरातल्या मलेरियाचा डास टाक्या आणि विहिरींत. काठ स्वच्छ ठेवलेल्या, मासे असलेल्या तळ्याचा वाटा त्यात फार थोडा. आमचे तळे गेले, डास काही गेले नाहीत.

दुसरी चूक गणिताची. एक गुंठा जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होते. माती असेल तर त्यातले निम्मे मुरते आणि गटाराकडे साडेबाराशे लिटर जाते. अंगणात फरशी आली, रस्ता काँक्रीटचा झाला की जवळजवळ सगळेच गटाराकडे धावते. पाऊसही दुप्पट जोराचा झाला तर त्याच गुंठ्यावरून पाच हजार लिटर. म्हणजे चौपट पाणी, आणि गटार तेवढेच.

मुंबईत नेमके हेच झाले. तिथली जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच गटारात येणार, या हिशोबाने बांधलेली होती. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने सांगितले की तासाला ५० मिलिमीटर धरा आणि सगळा पाऊस गटारात येणार असे धरा. कामे रेंगाळली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तेवढ्याला नवा हिशोबही पुरला नसता, हे खरे. पण मिठी नदीकाठची दलदल आणि खारफुटी भराव घालून बुजवली होती, नदीचे पात्र आवळले होते, त्यात भरती. पाणी पसरायला जागा उरली ती लोकांच्या घरांत. पुढच्या आठवड्यांत तिथल्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण येऊ लागले.

दादर-परळच्या हिंदमाता भागात पुढे मैदानांखाली टाक्या बांधून पावसाचे पाणी साठवण्याची सोय करावी लागली. कोट्यवधी रुपये खर्चून जमिनीखाली तळे! आपल्याकडे ते जमिनीवर, फुकट होते.

आता शाळेमागे तळ्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा उरला आहे, जलपर्णीने भरलेला. नगरपालिकेच्या अभियंत्यांनी त्याचा नकाशा मला दाखवला. तोंडाशी गाळ बसण्यासाठी खड्डा, त्यापुढे पाणकणसाचा पट्टा, म्हणजे पाणी संथ होईल आणि मुळांवरचे जीवाणू घाण खातील. शेवटी सांडवा. मृगाआधी पातळी एक मीटर खाली आणून ठेवायची. त्या रिकाम्या मीटरमध्ये दहा लाख लिटर मावते, म्हणजे दहा एकर छपरांवरचा आणि रस्त्यांवरचा २५ मिलिमीटर पाऊस. मला हिशोब पटला. अट एकच घातली की संडासाचे पाणी पावसाच्या गटारात सोडणाऱ्या जोडण्या आधी तोडा, नाहीतर ते तळे नव्हे, उघडा सेप्टिक टँक होईल. आळीतल्या निम्म्या घरांच्या जोडण्या तशाच आहेत आणि ही गोष्ट कोणालाच आवडणार नाही.

तोवर पाणी साचणारच. त्यात उतरणे टळत नसेल तर गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करा. उघडी जखम पाण्यात भिजली असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक गोळी मिळते, पण ती मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी औषध वेगळे असते.

तळ्याच्या प्रश्नावर पुढच्या महिन्यात शाळेत रहिवाशांची बैठक आहे. जुन्या अर्जाची प्रत मी शोधून काढली आहे. ती घेऊन जाणार आहे आणि सही माझीच आहे, हे सर्वांसमोर सांगणार आहे.