सकाळी वॉर्ड ऑफिस, रात्री गेम

परवा सोसायटीतल्या एका कॉलेजकुमाराने विचारलं, "दादा, गेम खेळायचे पैसे मिळतात?" खेळायचे नाही रे, लिहायचे मिळतात!

मी फ्रीलान्स लिहितो: व्हिडिओ गेम आणि पुण्यातल्या स्थानिक बातम्या.

परीक्षणासाठी कंपन्या बऱ्याचदा गेमचा कोड आधीच देतात. सोबत 'एम्बार्गो' असतो. म्हणजे ठरलेल्या वेळेआधी एक ओळही छापायची नाही. कोड फुकट आला म्हणून कौतुक करायचं, असं मात्र नाही.

स्थानिक बातमीसाठी चपला झिजवाव्या लागतात. कागद मिळेना तर माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराची मुदत साधारण 30 दिवस.

कधी दोन्ही वाटा एकत्र येतात. 2020 साली आलेला 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. हा फरक गेम खेळणाऱ्या बातमीदाराला पटकन कळतो.

नव्यांनो, मानधन, शब्दसंख्या आणि पैसे कधी मिळणार हे ईमेलवर लेखी घ्या. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरताना तो दाखवायला विसरू नका.

आणखी काही शंका? बिनधास्त विचारा.