ध्वनी, उष्णता आणि खर्च : घरासाठी अॅम्प्लिफायर निवडताना

अण्णांचे वय आता ब्याऐंशी. पहाटे स्नान झाले की भक्तामर स्तोत्राचे अठ्ठेचाळीस श्लोक ऐकायचे आणि मगच मंदिराची वाट धरायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम आहे. गेल्या फाल्गुनात घरातला पंचवीस वर्षांचा अॅम्प्लिफायर एका बाजूने मुका झाला आणि दुसऱ्या बाजूने घरघरू लागला. अण्णा म्हणाले, "आवाज येतो रे, पण शब्द येत नाहीत." नवा घ्यायचे ठरले आणि घरात तीन पक्ष पडले. चिरंजीवांना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर हवा होता. त्या मंद तांबूस उजेडातून येणाऱ्या आवाजाची सर दुसऱ्या कशाला नाही, असे त्यांचे मत. सौभाग्यवतींचा त्यास स्पष्ट विरोध होता, त्याचे कारण पुढे येईल. आणि मी, पेढीवर बसणारा माणूस, वहीत आकडे मांडू लागलो.

आधी अण्णांच्या तक्रारीविषयी. वाढत्या वयात कानाची उच्च स्वर टिपण्याची शक्ती प्रथम क्षीण होते. स, श, त, क या व्यंजनांची ओळख याच स्वरांत असते. संस्कृत स्तोत्र तर जोडाक्षरांनी भरलेले. व्यंजन गळले की श्लोकाची नुसती चाल उरते. म्हणून आवाज मोठा करून काम भागत नाही, तो स्वच्छ असावा लागतो. ज्येष्ठांसाठी खरेदी करणाऱ्याने हे ध्यानी ठेवले तर निम्मी चूक टळते.

किती वॅट हवेत, हा पुढचा प्रश्न. खोक्यांवर हजारो वॅटचे 'पीएमपीओ' आकडे छापलेले असतात. ते वाचू नयेत. आठ ओहमच्या स्पीकरवर, दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना, अखंड किती वॅट मिळतात एवढेच विचारावे. शंका वाटली तर पाठीमागच्या पट्टीवर यंत्र विजेच्या तारेतून किती वॅट घेते ते पाहावे. साठ वॅट घेणारे यंत्र सतत दोनशे वॅट देऊ शकत नाही. हा हिशेब आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ ते ९० डेसिबल आवाज देतो. आपल्या बारा बाय पंधराच्या दिवाणखान्यात सरासरी एक वॅटही पुष्कळ होतो. तबल्याची थाप किंवा गायकाची उंच तान यांना क्षणभर दहा ते तीसपट शक्ती लागते, म्हणून तीस वॅट पुरेसे. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तीसऐवजी साठ वॅटचे यंत्र घेणाऱ्याच्या पदरात एवढीच भर पडते.

आता उष्णतेकडे वळू, कारण खरा निर्णय तेथेच झाला.

अॅम्प्लिफायरच्या वर्गांना ए, एबी, डी अशी अक्षरे आहेत. ए वर्गात अंतिम टप्प्याचे घटक क्षणभरही विसावत नाहीत. गाणे चालू असो वा नसो, त्यांतून पूर्ण प्रवाह वाहतो. इंग्लंडच्या जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दहा वॅटच्या अशा ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. हौशी मंडळी ती आजही घरी बांधतात. आवाज निर्मळ, पण किंमत उष्णतेत मोजावी लागते. तीस वॅटचे स्टिरिओ यंत्र विजेतून सतत सुमारे दोनशे वॅट घेते आणि त्यातील बहुतेक सर्व खोलीत ओतते. एबी वर्गात दोन घटक काम वाटून घेतात, एक लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. आवाज नसताना यंत्र जवळजवळ निवांत असते. दोघांच्या सांध्यावर किंचित विकृती राहू शकते, पण चांगल्या रचनेत ती कानाला कळत नाही. डी वर्गाची रीत निराळीच आहे. त्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात व शेवटी गाळणीतून मूळ ध्वनी बाहेर येतो. बंद अवस्थेत प्रवाह नाही, चालू अवस्थेत अडथळा नाही, म्हणून तापही अत्यल्प. (डी म्हणजे डिजिटल, असे विक्रेता म्हणाला तर मनातल्या मनात हसावे, ए, बी, सी नंतरचे अक्षर म्हणून ते मिळाले.)

व्हॉल्व्हचे गणित वेगळे. ईएल-३४ जातीचे चार व्हॉल्व्ह असलेले नेहमीचे यंत्र घ्या. प्रत्येकाचा आतला तंतू तापवण्यासाठी ६.३ व्होल्ट आणि दीड अँपिअर, म्हणजे साडेनऊ वॅट लागतात. चारांचे अडतीस वॅट नुसत्या धगीत गेले. मुख्य प्रवाहाचे साठ-सत्तर वॅट, लहान व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरची घट धरून, स्वर उमटण्याआधीच १४० वॅटच्या आसपास खर्च होतो. काचेचे तापमान दीडशे अंशांच्याही वर जाते.

सौभाग्यवतींचा आक्षेप येथेच होता. आमच्या सासरेबुवांकडे पूर्वी असे एक यंत्र होते. श्रावणात, पावसाची सर येऊन गेली की दिव्याभोवती पंखांचे किडे जमत. ते व्हॉल्व्हच्या मंद उजेडाला भुलत नसावेत. त्यांना ओढून आणी तो खोलीतला मोठा दिवा. पण दिव्यावर आपटून खाली पडत ते नेमके त्या तप्त काचेवर. सकाळी यंत्राच्या पाठीवर पंखांचा थर साचलेला असे. ज्या चातुर्मासात आपण पाणी गाळताना, भाजी निवडताना एवढी यतना पाळतो, त्याच महिन्यांत ऐकण्याच्या सुखासाठी हे घडावे, हे त्यांना सोसेना. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे; ज्यावाचून अडत नाही अशी हिंसा वेगळी आणि निष्कारण घडणारी वेगळी. चिरंजीवांनी बारीक जाळीचा पिंजरा बसवण्याचा उपाय सुचवला. तो खोटा नाही. जाळी काचेपासून चार बोटे दूर ठेवली तर हवा खेळते आणि किडा धगीपर्यंत पोहोचत नाही. मात्र ती रोज हलक्या पिंछीने किंवा मऊ कुंच्याने साफ करायची कोणी, यावर घरात एकमत झाले नाही.

उष्णतेचा दुसरा फटका यंत्रालाच बसतो. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंश वाढीव तापमानाला आपले साधारण निम्मे आयुष्य गमावतात. आमचे जुने यंत्र काचेच्या बंद शोकेसमध्ये होते, वर विणलेला रुमाल, त्यावर सेट-टॉप बॉक्स. वैशाखातली आमच्याकडची उष्णता त्यात मिळवा. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले तेव्हा दोन कपॅसिटर डोके फुगवून बसले होते. चूक आमची होती. यंत्राच्या वर निदान वीतभर जागा मोकळी हवी आणि रुमाल तर नकोच.

खर्च मांडताना दुकानातल्या किमतीवर थांबू नये. रोज तीन तास वापर आणि हिशेबापुरता युनिटला दहा रुपये दर धरला, तर वर्षाला व्हॉल्व्हच्या यंत्राला सुमारे १५३ युनिट, म्हणजे पंधराशे रुपये. ए वर्गाला २१९ युनिट, बावीसशे. तीस वॅट घेणाऱ्या एबीला ३३ युनिट, सव्वातीनशे. दहा वॅट घेणाऱ्या डीला अकरा युनिट, शंभरावर थोडे. खोली वातानुकूलित असेल तर ही उष्णता बाहेर काढण्याची वीज निराळी. व्हॉल्व्ह झिजतातही. ईएल-३४ चांगला निघाला तर दोन ते पाच हजार तास चालतो. रोज तीन तासांच्या वापरात दोन ते साडेचार वर्षांनी चारही जुळवून बदलावे लागतात. त्या संचाचा भाव खरेदीआधीच लिहून घ्यावा. मला स्वतःला चकित करणारा आकडा मात्र दुसराच होता. तोच एबी वर्गाचा अॅम्प्लिफायर भिंतीवरचे बटण बंद न करता वर्षभर चालू ठेवला, तर २६३ युनिट जातात. आमचा जुना तसाच असे.

राहता राहिला ध्वनी. कापड निवडताना आपण ठाण दिव्याखाली पाहत नाही, दारात उजेडात आणतो, आणि दोन्ही ठाणे एकाच उजेडात पाहतो. अॅम्प्लिफायरचेही तसेच आहे. किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमी सरस वाटतो, आणि विक्रेत्याचा हात बटणावर असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका सज्जन दुकानदाराने आम्हाला तास दिला. चिरंजीवांनी एक हजार हर्ट्झचा स्थिर स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्ट मोजले आणि तिन्ही यंत्रे समान केली. मग अण्णांचीच भक्तामराची ध्वनिफीत, तेच स्पीकर, आणि अण्णा पाठ करून बसलेले.

व्हॉल्व्ह त्यांनी ओळखला. "हा गोड आहे," म्हणाले. त्यात नवल नाही. व्हॉल्व्हमध्ये मूळ स्वराचा दुप्पट कंपनांचा साथीदार थोडा मिसळतो, तंबोऱ्याच्या तारेसारखा, आणि स्पीकरवरची त्याची पकडही सैल असते. एबी आणि डी यांत त्यांना फरक सांगता आला नाही. मलाही नाही. चिरंजीव म्हणाले सांगता येतो, पण पाठ केल्यावर सातांपैकी चार वेळा बरोबर आले. पूर्वीच्या डी वर्गात गाळणीमुळे वरचे स्वर स्पीकरप्रमाणे बदलत. आता चांगल्या रचनांत गाळणीच्या पुढून सुधारणा घेतात, त्यामुळे तो दोष जवळपास गेला आहे. दुकानदाराने मग स्पीकर बदलले. तो फरक स्वयंपाकघरातल्या माणसालाही कळला असता.

आम्ही पन्नास वॅटचा डी वर्गाचा लहानसा अॅम्प्लिफायर घेतला, पक्क्या जीएसटी बिलावर, आणि वाचलेली रक्कम स्पीकरांत घातली. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे आणले, कानाच्या उंचीवर ठेवले. तासभर वाजल्यावरही यंत्राच्या पाठीवर हात ठेवता येतो. पर्युषणात अण्णांनी एका श्लोकातला शब्दच्छेद मला समजावून सांगितला. इतकी वर्षे गायक तो चुकीचा तोडतो असे त्यांना वाटत होते.

चिरंजीवांनी अजून हार मानलेली नाही. त्यांच्या मित्राचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर मार्गशीर्षात, किडे सरल्यावर, महिनाभरासाठी आमच्याकडे येणार आहे. सौभाग्यवतींनी संमती दिली आहे. जाळी बसवायची, आणि कुंचा चिरंजीवांच्याच हाती.