अनंत चतुर्दशी आणि निरपेक्ष दान

अनंत चतुर्दशीला श्रींना निरोप देताना मराठवाड्यातील माणसाला २९ सप्टेंबर १९९३ ची चतुर्दशी आठवल्यावाचून राहत नाही. त्या रात्री विसर्जन आटोपून लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे निजली आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे निजलेल्यांच्या अंगावर कोसळली. शासकीय नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार जीव गेले. नांदेडला आम्ही कीर्तनाहून परतून नुकतेच पडलो होतो. फडताळातील भांडी वाजली आणि जाग आली.

पुढे मदतीचा ओघ लागला. त्यात ख्रिस्ती संस्थाही होत्या. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली उभी राहिलेली, प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची 'कासा' आणि १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅथॉलिकांची 'कॅरिटास इंडिया' या त्यांपैकी होत. 'कॅरिटास' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ दुसऱ्यासाठी झिजणारे प्रेम.

खरे सांगावयाचे तर, धान्याबरोबर धर्मही पदरात घालतील काय, ही शंका आमच्याही मनास शिवली. परदेशी देणग्यांवर आपल्याकडे १९७६ पासून कायद्याचे नियंत्रण आहे. २०२४ साली केंद्र शासनाने 'कासा'ची त्याखालील नोंदणी रद्द केली. हिशेब पाहणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु दानाची पारख करण्यास गीतेच्या सतराव्या अध्यायात स्पष्ट कसोटी दिलेली आहे. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य पात्री, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. येशूच्या गिरिप्रवचनातही गाजावाजा न करता दान करण्याचीच शिकवण आहे. तेव्हा दाता कोणत्याही धर्माचा असो, माप एकच.

मात्र वाचकहो, त्याच मापाने आपण स्वतःसही मोजावयास हवे. मंदिराच्या पायरीवर नाव कोरून घेणारा आणि अन्नदानाचा फलक लावणारा परतफेड मागत नाही काय? ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या लेकराला घोंगडी पांघरणाऱ्याचा धर्म कळत नव्हता. त्याला केवळ ऊब कळत होती. यंदा अनंताची पूजा झाल्यावर प्रत्येकाने एक तरी दान असे करावे, की या हाताचे त्या हाताला कळू नये.