चार पुतळे आणि चोवीस तास

मंद्रूपहून सोलापूरला निघाले की विजापूर रोडने तासाभरात शहर येते. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, लग्नाचा बस्ता, काही ना काही काम असतेच. त्या गडबडीत कधीतरी चार हुतात्मा चौकातून जाणे होते. सगळे त्याला चार पुतळे म्हणतात. मागे एकदा आमच्यासोबतच्या लेकीने विचारले, "अब्बा, यातले कुर्बान हुसेन आपले होते का?" आम्ही म्हणालो, "चौघंही आपलेच." पण घरी आल्यावर जाणवले की नावापलीकडे आम्हालाच फारसे सांगता येत नव्हते.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरचा गिरणी कामगार रस्त्यावर आला. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे पडली. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि कोर्ट जाळले, पोलीसही मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता. १२ मे रोजी लष्कर आले आणि मार्शल लॉ पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत, म्हणजे सात आठवडे चालला. गांधी टोपी घालणे गुन्हा, तिरंगा लावणे गुन्हा. सरकारचे म्हणणे एकच: शहराच्या सुरक्षेसाठी हे करावे लागते.

आता खरे सांगायचे, तर पोलीस मारले गेले होते हे खोटे नाही. कोणतेही सरकार त्याकडे डोळेझाक करणार नाही. प्रश्न आहे तो पुढचा. दोन पोलिसांच्या खुनाबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गझनफर' नावाचे पत्र चालवणारे विशीतले अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ती दिली गेली. खरे गुन्हेगार हे नव्हतेच, पुढारी म्हणून यांना उचलले, अशी सोलापूरकरांची धारणा आजही आहे. मार्शल लॉखाली शिक्षा झालेल्यांचा एक अर्ज मुंबई हायकोर्टातही गेला होता. चनप्पा शांतिरप्पा यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. मार्शल लॉ गरजेपुरताच असतो का, आणि ती गरज कोर्टाने तपासायची की नाही, हा त्यातला मुद्दा. आपल्या जिल्ह्यातून उठलेला हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

घटना समितीत बसलेल्या कित्येकांनी इंग्रजांचा तुरुंग भोगला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी जे कलम मांडले ते आज २२ वे कलम आहे. अटक केलेल्याला कारण सांगायचे, त्याला आपल्या पसंतीचा वकील घेऊ द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. पण त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे. काहीही केलेले नसताना, करेल या संशयावरून माणसाला ठेवता येते. तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत लागते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले, असे म्हणावेसे वाटते. फाळणीचा रक्तपात ताजा होता, हेही विसरून चालत नाही.

त्या फटीतून काय काय आत येते ते १९७५ ला दिसले. आणीबाणीत ४ जुलै रोजी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाअते इस्लामी यांच्यावर एकाच दिवशी बंदी आली. एकमेकांचे तोंड न पाहणारे एकाच बरॅकीत आले. पुढच्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी सांगितले की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना राहिले, आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. ते मिळाले न्या. मिर्झा हमीदुल्ला बेग यांना, जे त्या चौघांत होते. आपल्या मासिकात हे लिहायला बरे वाटत नाही, पण आहे ते आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असे ठरले. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जुना निकालही रद्द ठरवला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्या चौघांपैकी एकाचे, न्या. यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव.

आपल्या घरांत हा विषय निघाला की मालेगावचे नाव येतेच. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा जुम्मा. बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, बहुतेक आपलीच. आणि पकडलेले नऊ जणही आपलेच. बहुतेकांना जामीन मिळायला पाच वर्षे लागली. २०१६ मध्ये विशेष कोर्टाने पुरावा नाही म्हणून आरोपमुक्त केले, त्याआधीच त्यांतला एक जण वारला होता. मग ज्यांची माणसे त्या स्फोटात गेली त्यांना सुरक्षा मिळाली का? चुकीचा माणूस आत असतो तेव्हा खरा बाहेर असतो. सुरक्षेच्या बाजूने विचार केला तरी हा तोट्याचाच व्यवहार.

युएपीए कायद्यात आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवता येते, आणि आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. २०२१ च्या नजीब प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की खटला वर्षानुवर्षे रेंगाळत असेल तर या अटीतूनही जामीन देता येतो. २०२४ मध्ये असेही ठरले की अटकेची कारणे आरोपीला लेखी दिलीच पाहिजेत. या गोष्टी किती घरांना माहीत आहेत?

आमच्या ओळखीच्या एका घरी बाहेरगावच्या ठाण्यातून फोन आला. मुलाने मोबाइलवर काहीतरी स्टेटस ठेवले होते. "आत्ताच्या आत्ता या, बापालाही आणा." बाप पासष्टचा, साखरेचा पेशंट. आईने मोबाइल पाण्यात टाकायला काढला, तो चाचाने हातातून घेतला, हे फार बरे झाले. पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच आरोप आला असता. आम्ही एका वकिलांना विचारले. ते म्हणाले, नोटीस लेखी मागा. साक्षीसाठी बाईमाणसाला, पंधराच्या आतल्या मुलाला आणि साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचे असते. मुलाने तेवढेच नम्रपणे फोनवर सांगितले. दोन दिवसांनी लेखी नोटीस आली. मुलगा वकिलासोबत गेला, जबाब दिला, संध्याकाळी परत आला. स्टेटस मूर्खपणाचेच होते, हेही चाचाने त्याला चांगलेच ऐकवले.

एक खटकणारी गोष्ट त्याच रात्री घडली. बैठकीत बसलेल्या एकाने शेजारच्या गावातल्या दुसऱ्या समाजाच्या एका कार्यकर्त्याचा विषय काढला. त्याला असेच उचलले होते. तो म्हणाला, "बरं झालं, त्याला तर आतच ठेवायला पाहिजे." कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही. आपल्या पोरासाठी लेखी नोटीस आणि त्याच्यासाठी मात्र काहीच नको? एखाद्या जमातीचा राग आला म्हणून इन्साफ सोडायचा नाही, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. त्या बैठकीत ती आमच्याही तोंडून निघाली नाही.

लेकीला आता चौघांची नावे पाठ आहेत. वकिलांचा नंबर तिनेच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावला आहे, गॅसवाल्याच्या नंबराखाली.